शर्यत अजून झालेलीच नाही: पोर्शे आणि मिनी यांना खुले पत्र

प्रति,
पोर्शेच्या उत्तर अमेरिका कार्यालयाचे अधिकारी, अटलांटा, जॉर्जिया

प्रत: मिनीचे अमेरिकेतील कार्यालय, वुडक्लिफ लेक, न्यू जर्सी

जुलै २०१०

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात मिनीचे अमेरिकेतले प्रमुख जिम मॅकडॉवेल यांनी तुम्हाला चारचौघांत आव्हान दिलं. २१ जूनला रोड अटलांटा या शर्यतीच्या ट्रॅकवर या, आमची कूपर एस आणि तुमची ९११ कॅरेरा एस, होऊन जाऊ दे. तुम्ही नकार दिलात. मिनीने ठरल्या दिवशी, ठरल्या जागी तुमच्याशिवायच दोन्ही गाड्या पळवल्या आणि ९११ दोन सेकंदांनी पुढे राहिली. तुमच्या लेखी विषय तिथे मिटला असेल: जागचं न हलता गाडी जिंकली. मिनीच्या लेखीही मिटला असेल, कारण नाव सगळीकडे झालं. पाहणाऱ्यांच्या लेखी मात्र तो मिटलेला नाही. शर्यतीला दोन बाजू लागतात आणि त्या दिवशी एक बाजू आलीच नव्हती.

हे गप्प बसून सोडून देण्यासारखं मला वाटत नाही, म्हणून हे पत्र. याची इंग्रजी प्रत तुमच्या पत्त्यावर टपालाने पाठवली आहे. मराठीत मुद्दाम लिहितो आहे, कारण इथे अटलांटाच्या आसपास आमच्यातली बरीच मंडळी गाड्यांच्या नादी लागलेली आहेत, तिकडे पुण्या-कोल्हापुरात त्याहून जास्त आहेत, आणि या प्रकरणावर त्या सगळ्यांची तावातावाने चर्चा चालू आहे. त्यांच्यासमोर बोलायचं तर त्यांच्या भाषेत बोलावं.

माझा यात काय संबंध, ते आधी सांगतो. मी मूळचा कोल्हापूरचा. अटलांटाच्या ईशान्येला राहतो, ब्रॅसल्टनचा तो ट्रॅक घरापासून फार लांब नाही. माझ्याकडे मिनी कूपर एस आहे आणि सुट्टीच्या दिवशी मी ती ऑटोक्रॉसला नेतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मोठ्या पार्किंगच्या जागेत किंवा जुन्या धावपट्टीवर नारिंगी कोन मांडून नागमोडी वाट आखायची आणि एकेक गाडी सोडायची. शर्यत घड्याळाशी. कोन पाडला तर दोन सेकंदांचा दंड, वाट चुकली तर ती फेरी बाद. प्रत्येक कोनाच्या बुडाभोवती जमिनीवर चौकट आखलेली असते. गाडी घासून गेली, कोन डुगडुगला, सरकला, तरी उभा राहिला आणि बुडाचा एखादा कोपरा चौकटीला टेकून असला तर दंड नाही. आडवा झाला किंवा चौकटीच्या पार बाहेर गेला, की वॉकीटॉकीवर गाडीचा नंबर सांगायचा, धावत जाऊन कोन जागेवर ठेवायचा आणि पुढची गाडी अंगावर यायच्या आत परत फिरायचं. हे काम करायला वेगळी नेमलेली माणसं नसतात. जो गाडी चालवतो, तोच आपली पाळी झाली की उन्हात उभा राहतो. जॉर्जियातल्या जुलैत डांबराची धग बुटातून तळव्यापर्यंत येते. तिथे माझ्या शेजारी ९११ चे मालक उभे असतात, जुन्या सिव्हिकवाले असतात, विद्यापीठातली पोरं असतात. माझी सोळा वर्षांची मुलगी अचानक ब्रेक दाबल्यावर गाडी कशी सांभाळायची, हे याच माणसांकडून शिकली. दोन्ही कंपन्यांच्या गाड्या विकत घेणारी आणि मनापासून चालवणारी माणसं मी जवळून पाहतो. त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही, पण त्यांना काय वाटतं हे मला पक्कं माहीत आहे.

आता तक्रारी. बहुतेक तुमच्याबद्दल आहेत, काही मिनीबद्दल.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार अशी, की लहानाने मोठ्याला हाक देणं म्हणजे काय, हे मोटारींच्या जगात तुमच्याइतकं कोणालाच ठाऊक नसावं, आणि तरी तुम्ही घरात बसून राहिलात.

ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड गावी १९४८ साली तुमची पहिली गाडी तयार झाली. फोक्सवॅगनचं इंजिन, ११३१ सीसी, ताकद ३५ अश्वशक्ती. अशा गाड्या बनवणाऱ्या कंपनीने १९५१ साली फ्रान्समधल्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीला जायचं ठरवलं, तेव्हा कोणी म्हणालं असेल का, की आधी मोठे व्हा आणि मग या? तुम्ही गेलात. ११०० सीसीच्या गटात वेयेए आणि मूश या जोडीने तुमची ३५६ जिंकून दाखवली. १९५६ च्या टार्गा फ्लोरिओत उंबेर्तो मालियोली दीड लिटरची ५५०ए घेऊन सिसिलीच्या डोंगरात उतरला. समोर कितीतरी मोठ्या इंजिनांच्या फेरारी आणि मासेराटी. एका फेरीला ७२ किलोमीटर, अशा दहा फेऱ्या, जवळजवळ आठ तास, आणि हा गडी सगळं अंतर एकट्याने चालवून पहिला आला. गटात पहिला नव्हे, सगळ्यांत पहिला. १९६० साली सेब्रिंगच्या बारा तासांच्या शर्यतीत हेरमान आणि जांदबियाँ यांनी तुमची छोटी आरएस६० पहिली आणली. तुमच्या ५५० ला लोक राक्षसांना मारणारी म्हणू लागले ते असं मैदानात कमावलेलं नाव होतं. ल माँचं सर्वसाधारण विजेतेपद तुम्हाला १९७० साली मिळालं. म्हणजे पहिल्या खेपेनंतर तब्बल एकोणीस वर्षं तुम्ही मोठ्यांच्या आखाड्यात लहान म्हणून झुंजत होतात.

हा जुना इतिहास आहे असं म्हणाल, तर अगदी परवाचं सांगतो. सेब्रिंगला २००८ साली तुमची आरएस स्पायडर दुसऱ्या गटातून, एलएमपी-२ मधून उतरली होती. पहिल्या गटात ऑडीच्या डिझेल गाड्या होत्या, ताकदीने कितीतरी वरचढ. बेर्नहार्ट, द्युमा आणि कोलार यांनी बारा तासांनंतर सगळ्यांच्या पुढे झेंडा घेतला. त्या दिवशी आमच्या घरात आरडाओरडा झाला होता, आणि माझ्याकडे गाडी मिनी होती! ऑडीने जर त्या वर्षी म्हटलं असतं, की खालच्या गटातल्या गाडीशी आम्ही कशाला पळू, तर तुम्हाला कसं वाटलं असतं?

कोल्हापूरच्या माणसाला या ठिकाणी कुस्ती आठवणारच. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेल्या खासबाग मैदानात असो की एखाद्या गावच्या जत्रेतल्या फडात असो, कमी वजनाच्या पोराने शड्डू ठोकला म्हणून नामांकित पैलवान त्याला गदांची यादी दाखवत नाही. जोड बसत नसेल तर वस्ताद मध्ये पडतो, वजन बघतो, बरोबरीची जोड लावून देतो. मोठा पैलवान आपल्या तालमीतला दुसरा पोरगा पुढे करतो. पण हाक आली की तालमीतून कोणीतरी लाल मातीत उतरतं. तुमच्या तालमीतून कोणीच उतरलं नाही. ९११ जड वाटत होती तर केमन होती, बॉक्सस्टर होती. तुम्ही म्हणू शकला असतात, दिवस तुमचा, गाडी आमच्या पसंतीची. असं एक वाक्य लिहून पाठवलं असतंत, तरी लोकांनी तुम्हाला डोक्यावर घेतलं असतं.

दुसरी तक्रार: मिनी म्हणजे शर्यतींशी संबंध नसलेला कोणी उपटसुंभ आहे, असं चित्र तुमच्या नकारामुळे उभं राहिलं. तुम्ही तसं म्हणालात असा माझा आरोप नाही. पण तुमचे चाहते आता तेच म्हणतात, आणि त्यांना खरं काय ते सांगायला तुम्ही पुढे आला नाहीत. म्हणून मीच सांगतो.

अ‍ॅलेक इसिगोनिस यांची मिनी १९५९ च्या ऑगस्टमध्ये आली. लांबी दहा फूट, चाकं दहा इंची, इंजिन ८४८ सीसीचं आणि तेही आडवं बसवलेलं, म्हणजे चार माणसांना जागा उरेल. घरगुती गाडी. शर्यतीच्या गाड्या बनवणारे जॉन कूपर यांनी तिच्यात शर्यतीची गाडी पाहिली, आणि १९६४ साली पॅडी हॉपकर्कने माँटे कार्लो रॅली जिंकली. पुढचं वर्ष तर तुमच्या दफ्तरातही असेल. जानेवारी १९६५ ची माँटे कार्लो, आल्प्समध्ये हिमवादळ. निघाल्या २३७ गाड्या, शेवटपर्यंत पोचल्या ३५. पहिला टिमो मॅकिनेन, मिनी कूपर एस. दुसरा ऑयगेन ब्योरिंगर, तुमच्या ९०४ मध्ये. आणि पाचव्या क्रमांकावर लिंगे आणि फाल्क हे तुमचेच दोघे, एका नव्याकोऱ्या गाडीत, जिचं नाव ९११. ज्या गाडीच्या नावावर तुम्ही आज उभे आहात, ती पहिल्यांदा मोठ्या रॅलीत उतरली तेव्हा समोर मिनी होती आणि मिनी जिंकली होती. १९६७ साली राउनो आल्टोनेनची मिनी पहिली, विक एल्फर्डची ९११ तिसरी. मग १९६८ साली पारडं फिरलं: एल्फर्ड पहिला, दुसरीही ९११, आणि आल्टोनेनची मिनी तिसरी. त्यानंतरची दोन वर्षंही माँटे तुम्हीच जिंकलीत. हा सगळा चार वर्षांचा खरा, बर्फातला, बरोबरीचा हिशेब आहे. त्यात कोणी कोणाला कमी लेखल्याचं मला कुठे वाचायला मिळालेलं नाही.

लहान गाडीचं हे वेड काही युरोपापुरतं नाही. ऐंशीच्या दशकात बंगळूरूच्या सिपानी कंपनीची डॉल्फिन दक्षिणेतल्या रॅल्यांमध्ये धुमाकूळ घालत होती. फायबरग्लासची बॉडी आणि इंजिन ८४८ सीसीचं, पहिल्या मिनीइतकंच. हलकी गाडी वळणावर काय करू शकते, हे आम्हाला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही.

तिसरा मुद्दा बरोबरीचा. तुमच्या बाजूने जे बोलतात ते म्हणतात, ३८५ अश्वशक्ती विरुद्ध १७२, किंमत जवळजवळ चौपट, ही कसली शर्यत? सरळ रस्त्यावर ती शर्यत नाहीच, हे मलाही मान्य आहे. रोड अटलांटाची २.५४ मैलांची पूर्ण फेरी घेतली तर मागच्या लांब सरळ पट्ट्यावर ९११ दिसेनाशी होईल. पण नागमोडी वाटेवर हिशेब वेगळा असतो. तिथे दुसरा गिअर, क्वचित तिसरा. मिनी सव्वा टनाच्या आत, तुमची गाडी दोनेकशे किलोंनी जड आणि रुंदीला चांगली १२ सेंटीमीटर जास्त. उलट तुमचं इंजिन मागे, त्यामुळे वळणातून बाहेर पडताना मागची चाकं डांबराला अशी पकड घेतात, की पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या मिनीने हेवा करावा. आणि बहुतेकांना धक्का बसेल अशी एक गोष्ट: पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर तुमच्या ९११ चं २३५० मिलिमीटर आहे, आजच्या मिनीचं २४६७. त्या मापाने पाहिलं तर लहान गाडी तुमची आहे. अशा दोन गाड्या एकाच वाटेवरून सोडल्या की काय होतं, हे घड्याळ सांगतं. ते ऐकायला मजा येते, शिकायला मिळतं, आणि त्यासाठीच आम्ही सुट्टीचा दिवस उन्हात घालवतो.

शिवाय विषम जोडीवर उपाय आहे आणि तो जुना आहे. ऑटोक्रॉसमध्ये प्रत्येक गटाला एक गुणक असतो, पॅक्स म्हणतात त्याला. गाडीच्या वेळेला त्याने गुणायचं आणि मग सगळे गट एका ओळीत लावायचे. १९६४ ला हॉपकर्क जिंकला तोही अशाच एका सूत्राने. समोर ल्युंगफेल्डची व्ही-८ इंजिनाची फोर्ड फाल्कन होती, ती नुसत्या घड्याळावर जास्त वेगवान होती आणि सूत्र लावल्यावर दुसरी आली. म्हणून कोणी हॉपकर्कचा विजय खोटा मानत नाही, आणि ल्युंगफेल्डचा वेगही कोणी विसरलेलं नाही. दोन्ही आकडे लोकांसमोर असले की लोक आपापला न्याय करतात.

आता मिनीकडे वळतो. मी तुमचा ग्राहक आहे, म्हणून तुम्हाला जास्त स्पष्ट सांगतो.

आव्हान देण्याचं धाडस तुम्ही केलंत, त्याबद्दल मनापासून कौतुक. पण जागा तुम्ही ठरवलीत, तारीख तुम्ही ठरवलीत, गाड्या तुम्ही ठरवल्यात, आणि हे सगळं ठरल्यावर समोरच्याला बोलावलंत. त्याने नाही म्हटल्यावर त्याची गाडी आणून पळवलीत. याला आम्ही प्रात्यक्षिक म्हणू. हरलात तेही तुम्ही झाकून ठेवलं नाहीत, हे चांगलंच केलंत. पण त्यानंतर? दोन सेकंद म्हणजे एक कोन. आमच्याकडे दर खेपेला कोणीतरी एवढ्याने हरतं, आणि पुढच्या खेपेला टायरची हवा थोडी कमी-जास्त करून, वाट पुन्हा पायी चालून बघून परत येतं. तुम्ही परत येणार आहात का? की ते आव्हान म्हणजे एका हंगामाची जाहिरात होती? जाहिरात करायला माझी हरकत नाही. पण शर्यतीचं नाव घेतलंत, जॉन कूपर यांचं नाव गाडीवर लावता, तर शर्यतीचे रिवाज पाळायला हवेत.

आणि २१ जून हा सोमवार होता. कामाच्या दिवशी शर्यत ठेवायची आणि लोकांसाठी आहे म्हणायचं, हे जुळत नाही.

तुमच्या दोघांच्या वागण्याने आमचं काय बिघडलं, असा प्रश्न कोणी विचारील. बिघडलं ते असं, की शर्यत ही कंपनीच्या जाहिरात विभागाची वस्तू आहे, असा समज पक्का होत चालला आहे. एकाने जाहिरातीसाठी बोलवायचं, दुसऱ्याने त्याची फुकट जाहिरात नको म्हणून जायचं नाही. दोघांचंही गणित बरोबर असेल. पण तुमच्या गाड्यांच्या किमतीत आम्ही जे पैसे मोजतो, त्यातला बराच वाटा त्या हिमवादळाचा, त्या सिसिलीच्या डोंगराचा, त्या बारा तासांचा असतो. ९११ घेणाऱ्या माझ्या मित्राने वर्षानुवर्षं पैसे साठवले ते फक्त चामड्याच्या सीटसाठी नाही. त्याला त्या रांगेत उभं राहायचं होतं. आव्हान आलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्याला झाला होता. नकाराची बातमी कळली त्या दिवशी तो माझ्याशी या विषयावर एक शब्द बोलला नाही, आणि तो एरवी गाडीवर तासन्‌तास बोलतो.

म्हणून आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

पोर्शेने आव्हान स्वीकारल्याचं जाहीर करावं. उशीर झाला म्हणून कमीपणा नाही. गाडी पोर्शेने निवडावी: कॅरेरा एस, केमन एस, जी हवी ती. मात्र दोन्ही गाड्या शोरूममधून ग्राहकाला मिळतात तशाच असाव्यात, टायर कारखान्यातून येतात तेच असावेत आणि त्यांची तपासणी आदल्या दिवशी उघड्यावर व्हावी.

शर्यत येत्या ऑक्टोबरात पेटी ल माँच्या आठवड्यात व्हावी. ती शर्यत रोड अटलांटावरच असते. तुमचे संघ तिथे येतात, हजारो प्रेक्षक येतात आणि तुमचं कार्यालय तिथून तासाभराच्या अंतरावर आहे. मुख्य शर्यतीच्या आड न येता तिथल्याच एखाद्या डांबरी पटांगणावर कोन मांडून वाट आखता येईल. वाट दोन्ही कंपन्यांशी लागेबांधे नसलेल्या माणसांनी आखावी आणि दोन्ही बाजूंना ती त्याच सकाळी, पायी चालण्यापुरतीच, दाखवावी.

चालक व्यावसायिक नकोत. दोन मिनीचे मालक, दोन पोर्शेचे मालक. प्रत्येकाने दोन्ही गाड्या चालवाव्यात, म्हणजे चालकाचं कसब आणि गाडीचा गुण वेगवेगळा दिसेल. ही आमची सगळ्यात आग्रहाची मागणी आहे. मिनीवाल्याने ९११ मधून उतरून काय सांगितलं आणि पोर्शेवाल्याने मिनीतून उतरून काय सांगितलं, ते ऐकायला लोक आकड्यांइतकेच उत्सुक असतील.

नियम आधी लिहून, दोघांच्या सह्या होऊन प्रसिद्ध व्हावेत. नंतर काढलेल्या नियमांचं काय होतं, हे मिनीला १९६६ च्या माँटेपासून माहीत आहे. पहिल्या तीन क्रमांकांवर तिन्ही मिनी आल्या आणि हेडलाइटच्या बल्बवरून तिन्ही बाद ठरल्या. विजेतेपद सित्रोएनला दिलं गेलं, आणि त्या निकालाची कडवट चव चव्वेचाळीस वर्षांनीही गेलेली नाही. आपल्याला तसलं काही नको आहे. प्रत्येक फेरीची वेळ, पडलेला प्रत्येक कोन, नुसती वेळ आणि गुणक लावलेली वेळ, हे सगळं तिथल्या तिथे फळ्यावर लागावं.

निकालाची जाहिरात करायची असेल तर दोघांनीही पूर्ण निकाल छापावा, आपल्या सोयीचा एक आकडा उचलून नव्हे.

आणि शेवटची मागणी पैशांची. त्या दिवशी जी काही रक्कम जमेल, ती नवशिक्या मुलामुलींना गाडी आवरायला शिकवणाऱ्या वर्गांसाठी द्यावी. पार्किंगमध्ये एका सकाळी ओल्या डांबरावर घसरलेली गाडी सरळ करून दाखवली, तर पुढे रस्त्यावर एखादा जीव वाचतो. माझ्या मुलीला ते शिक्षण मिळालं कारण काही भल्या माणसांनी आपली सुट्टी दिली. दोन मोठ्या कंपन्यांना हे सहज जमण्यासारखं आहे.

पोर्शेच्या अधिकाऱ्यांना आणखी एकच सांगायचं आहे. हरण्याची भीती हे कारण असेल असं मला वाटत नाही, तुमची गाडी गेल्या महिन्यात तुमच्याशिवायही जिंकली. जिंकाल असंच मलाही वाटतं, निदान नुसत्या घड्याळावर. तरीही या. जिंकलात तर समोरासमोर जिंकाल, आणि माझा मित्र पुन्हा बोलायला लागेल.

कृपया सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दोन्ही कंपन्यांनी जाहीर उत्तर द्यावं, कारण जागेची परवानगी, विमा आणि गाड्यांची तपासणी यांना महिनाभर तरी लागेल. वाट आखायला, कोन उचलायला, घड्याळ सांभाळायला लागणारी माणसं आम्ही आणू. ती मोबदला घेणार नाहीत. पाण्याची आणि सावलीची सोय तेवढी तुम्ही करा, आणि तारीख कळवा.

आपला,
एक मिनीचालक,
ब्रॅसल्टनजवळ, जॉर्जिया
(मूळ गाव कोल्हापूर)